गाय पान्हा चोरते तेव्हा

धार काढायची वेळ पहाटे साडेपाचची. शहरातून निघालेली बस वस्तीवर पोचते अकराला, आणि बसमधल्या मुलांना ‘दूध कुठून येतं’ ते तर दाखवायचं असतं. म्हणून त्या दिवशी एका गायीची धार मुद्दाम मागे ठेवली होती. पुरंदर तालुक्यातली ती वस्ती, हिवाळ्याचं कोवळं ऊन, आणि गोठ्याच्या दारात दाटीने उभी राहिलेली बालवाडीची मुलं. शाळेच्या ताईंनी मोबाइल वर धरले. कुणी आनंदाने किंचाळलं, कुणी घाबरून. वस्तीवरच्या काकूंनी वासरू सोडलं, वासराने कासेला दोनचार ढुशा दिल्या, मग त्याला बाजूला बांधून काकू चरवी घेऊन बसल्या. दोन बारीक चिळकांड्या आल्या आणि दूध थांबलं. गायीने मान वळवून दाराकडे पाहिलं, शेपटी झटकली, मागचा पाय उचलला. काकू काही न बोलता उठल्या आणि त्यांनी वासरू पुन्हा सोडून दिलं.

गाय हट्टाला पेटली होती असं नाही. कासेत दूध होतंच. ते सडांत उतरण्यासाठी तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात यावं लागतं. वासराची ढुशी, ओळखीचा हात, रोजची वेळ, पुढ्यातल्या आंबोणाचा वास यांनी ते येतं आणि त्याचा अंमल काही मिनिटंच टिकतो. गाय बिचकली की अॅड्रेनलिन वाढतं आणि पान्ह्याची वाट अडते. देशी गायी या बाबतीत फार हळव्या. धार काढणारं माणूस बदललं तरी पान्हा चोरतात. इथे तर दारात अनोळखी मुलांचा गलका होता.

काकूंनी सगळ्या मुलांना अंगणात नेऊन हौदापाशी बसवलं आणि सरळ सांगितलं की गायीला तुमची भीती वाटली, ती आत्ता दूध देणार नाही. चार वर्षांच्या एका मुलाला हे पटेना. त्याने दोनदा विचारलं, ‘आमची?’ बसमध्ये चढल्यापासून तो गाय चावते का, मारते का, एवढंच विचारत होता. एवढ्या थोरल्या जनावराला आपली भीती वाटू शकते, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो उठला, गोठ्याच्या दारापर्यंत एकटाच गेला, लांबूनच गायीकडे पाहत उभा राहिला आणि हळूच परत आला. ताईंना वाईट वाटत होतं की कार्यक्रम फसला. मला मात्र वाटतं, त्या दिवसाच्या वेळापत्रकातलं सगळ्यांत मोलाचं शिक्षण तेच होतं. जनावराला त्याचं मन आहे, ते नाही म्हणू शकतं आणि ते नाही म्हणालं की आपण मागे व्हायचं, हे इतक्या स्पष्टपणे कुठल्याही चित्रमय पुस्तकाला सांगता आलं नसतं.

महाराष्ट्रात शेतावर पाहुणे नेण्याची कल्पना गेल्या वीसेक वर्षांत रुजली. बारामती तालुक्यात पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास कृषी पर्यटनाचं संघटित काम सुरू केलं, मग एकेक शेतकरी कुटुंब त्यात आलं, आणि २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं. पुणे, मुंबई, नाशिकच्या शाळांना सहलीसाठी ही सोयीची जागा मिळाली. दिवाळीची सुट्टी संपली की होळीपर्यंत हंगाम. सासवड, जुन्नर, मुळशी, कर्जत या बाजूंना शाळांच्या पिवळ्या बस दिसू लागतात. दिवस ठरलेला असतो: पोहे, बैलगाडी, ट्रॅक्टरवर फेरी, जेवायला पिठलं-भाकरी, दुपारी जादूचे प्रयोग, निघताना हुरडा किंवा उसाचा रस. या सगळ्यात जनावरांच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं येतात. मुलं रांगेने गोठ्यातून फिरतात, एकेक जण घास पुढे करतो, फोटो निघतो, पुढची तुकडी आत.

याचा दोष मी शेतकऱ्याला देणार नाही. पाऊस आणि बाजारभाव दोन्ही हाताबाहेर असलेल्या घराला सहलीचे चार महिने रोख पैसे देतात, आणि शाळा ज्याचे पैसे मोजते तेच तो उभं करतो. शाळेने बैलगाडी मागितली की बैलगाडी मिळते. ‘मुलांना जनावराची निगा शिकवा’ असं मागणाऱ्या शाळा थोड्या आहेत, कारण निगा ही दाखवण्याची गोष्ट नाही. ती रोज त्याच वेळी, कुणी पाहत नसताना करायची असते. मग एका दिवसासाठी आलेल्या चार वर्षांच्या मुलाला ती कशी शिकवायची?

ज्या वस्तीवर गायीने पान्हा चोरला, तिथेच पुढच्या वर्षी मी याचं एक उत्तर पाहिलं. शाळा तीच होती. पण आता बसमध्ये निम्मीच मुलं होती, आणि उतरल्यावर त्यांचे सहा-सहाचे गट झाले. जादूगार नव्हता. गोठ्याचा ताबा काकूंच्या सासूबाईंकडे, म्हणजे सगळ्या मुलांच्या आजींकडे होता. आजींचा पहिला नियम असा की जनावराला हात लावण्याआधी त्याचं काम करायचं. हौदातून छोट्या डब्याने पाणी आणून शेळ्यांच्या घमेल्यात ओतायचं. डबा अर्ध्या लिटरचा, मुलांच्या हाताला झेपेल असा. वाटेत निम्मं सांडायचं, पुन्हा जायचं. काही खेपांनंतर घमेलं कसंबसं भरलं, शेळ्यांनी तोंडं घातली आणि बघता बघता ते रिकामं झालं. मग आजींनी गायीची बादली दाखवली. दुभती गाय दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पिते, उन्हाळ्यात आणखी जास्त. मुलांना लिटर कळत नाहीत, पण डबे कळतात. एवढे डबे रोज कोण आणतं, असं एका मुलीने विचारलं. आजींनी स्वतःकडे, मग सुनेकडे आणि मग अंगणात उभ्या असलेल्या सात वर्षांच्या नातीकडे बोट दाखवलं.

दुसरं काम पाल्याचं. शेळ्यांसाठी शेवरीच्या आणि सुबाभळीच्या फांद्या तोडून आणल्या होत्या. एका मुलाने पाला जमिनीवर टाकला, दोन शेळ्या त्यावरून चालत गेल्या आणि मग कुणीही त्याला तोंड लावेना. शेळी तुडवलेलं, शेणा-लेंड्यांचं खात नाही. मान वर करून, ओढून खायला तिला आवडतं. म्हणून फांद्यांच्या जुड्या करून त्या आडव्या वाशाला तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगायच्या. मुलांनी जुड्या दिल्या, नातीने त्या बांधल्या. दहा मिनिटं सगळे नुसते बसून शेळ्या कशा खातात ते पाहत होते. शेळीच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात हे त्यातल्या एकाने स्वतः शोधून काढलं आणि तिचे पडले असं जाहीर केलं. ताईंनी घाईने दुरुस्त केलं नाही. गायीकडे जाऊन बघू या का, एवढंच म्हणाल्या. गायीलाही नव्हते. मग एकाने सड मोजण्याची टूम काढली: शेळीला दोन, गायीला चार. इतकं लक्ष देऊन पाहणं वर्गात क्वचित होतं, आणि निगेची सुरुवात तर पाहण्यापासूनच होते. आज ही रवंथ का करत नाही, हिचे कान असे का पडलेत, हिने पाण्याला तोंड का लावलं नाही, हे ज्याच्या नजरेला पडतं तोच वेळेवर डॉक्टरांना बोलावतो.

तिसरी गोष्ट डब्यातल्या खाऊची. मुलांचं प्रेम खाऊतून वाहतं. बिस्किट, पोळी, केक, सगळं गायीला द्यायचं असतं आणि पुष्कळ मोठी माणसंही ते कौतुकाने देऊ देतात. गायीच्या पोटात चार कप्पे असतात आणि पहिल्या, सगळ्यांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा कुजवत, आंबवत असतात. त्यांना सवय कडब्याची आणि गवताची. भात, पीठ, पोळ्या असं पिष्टमय अन्न एकदम भरपूर गेलं की तिथे आम्ल साचतं, कोठा बंद पडतो, जनावर आडवं होतं, कधी दगावतं. लग्नसराईत मांडवातलं उरलेलं अन्न गुरांपुढे टाकलं जातं आणि पशुवैद्यकांची धावपळ उडते, हे गावोगाव माहीत आहे. चाळीस मुलांनी एकेक पोळी दिली तर तेच होईल. आजींनी हे ‘पोटात दुखेल’ इतक्या साध्या शब्दांत सांगितलं. बिस्किटाचा पुडा हातात धरलेली मुलगी रडवेली झाली. तिला नातीने मूठभर लसूणघास दिला आणि तळहात सपाट कसा ठेवायचा ते शिकवलं.

त्या नातीविषयी मला जास्त लिहायचं आहे. सात वर्षांची, केसांना तेल, पायांत काही नाही. गायीच्या थेट मागून जायचं नाही, कारण तिला अगदी पाठीमागचं दिसत नाही. बाजूने, तिच्याशी बोलत जायचं. करडू छातीशी आवळून उचलायचं नाही. खाली बसायचं, ते जवळ आलं तर येऊ द्यायचं. कोंबडीचं पिल्लू तर तीन-चार वर्षांच्या मुलाने हातात घ्यायचंच नाही, कारण त्या वयाच्या मुठीला आपला जोर कळत नाही. आजीच्या ओंजळीत असेल तेव्हा एका बोटाने पाठीवर हात फिरवायचा. हे सगळं ती सांगत नव्हती, करत होती, आणि शहरातली मुलं तिचं पाहून करत होती. पाहुण्यांच्या ताई तिला शाबासकी देत होत्या. पण शाळेत तिच्या या ज्ञानाला जागा कुठे आहे? तिच्या प्रगतिपुस्तकात जनावराची निगा नावाचा रकाना नाही. शहरातल्या मुलांसाठी जो सहलीचा विषय आहे तो तिच्या घरी पहाटे उठून करायचं काम आहे, आणि त्या कामामुळे कधी शाळेला उशीर झाला तर तिलाच बोलणी बसतात.

हा पेच नवा नाही आणि त्यावरचं सगळ्यांत सुंदर उत्तरही महाराष्ट्रातच सापडलेलं आहे. ताराबाई मोडक १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. माँटेसरीची पद्धत त्यांना पुरती ठाऊक होती, आणि तिची महागडी साधनं गरिबाच्या पोराला परवडणार नाहीत हेही. बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं झाली. बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे प्रश्न आणखी अवघड होता. मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती सकाळी गुरं घेऊन रानात जायची. आईबाप मजुरीला, धाकटी भावंडं आणि गुरं पोरांच्या अंगावर. गुरं सोडून शाळेत या म्हणणं म्हणजे घरचं पोट मारणं होतं.

ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरत असताना शिक्षक झाडाखाली बसायचा, पोरं भोवती जमायची, एक डोळा गुरांवर. हीच ती कुरणशाळा. खेळ, गाणी, गोष्टी, मोजणी, अक्षरं, सगळं रानातल्या वस्तूंनी आणि गुरांच्या वेळेने. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडीही याच टेकडीवरची. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, हे काम चालवलं.

कुरणशाळेकडे बहुधा गरजेपोटी काढलेला तोडगा म्हणून पाहिलं जातं. मला त्यात त्याहून मोठं काही दिसतं. गुरं राखणाऱ्या पोराला जे येतं ते अडाणीपण नव्हे, ते शिक्षण आहे आणि पुढचं शिक्षण त्यावरच उभं राहील, असा विश्वास त्या झाडाखालच्या वर्गात होता. कुठली गाय कळप सोडते, कुठल्या पाणवठ्यावर जळवा असतात, कुठलं गवत पहिल्या पावसात गुरांना बाधतं, हे आठ वर्षांच्या पोराला माहीत असायचं. आता शहरातून बस भरून मुलं त्याच रानात आणायची असतील तर त्यांचा शिक्षक कोण, हेही ठरून गेलेलं आहे. वस्तीवरची आजी, काकू आणि ती सात वर्षांची नात. शाळेने त्यांना ‘स्टाफ’ म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून मान आणि त्या दिवसाचा मोबदला द्यावा. सहलीच्या शुल्कात जेवणाचा आणि बसचा हिशेब असतो. या शिकवण्याचाही असायला हवा.

गुरांविषयीची आपली सणांची शाळा तर याहून जुनी. दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला गाय-वासरासाठी लागतो. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका दूध-दुभतं आणि त्याचे पदार्थ खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. वर्षातून एक दिवस तरी दुधावर वासराचा पहिला हक्क मानला जातो, आणि हे मुलांच्या देखत होतं. अकोले, जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात त्याच दिवशी वाघबारस असते: गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, गुरं सुखरूप राहू देत म्हणून मागणं मागतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद आणि तेल-तुपाने मळतात; जू बसून जिथे कातडी निबर झाली तिथेच हात फिरतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात लहान मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. या साऱ्या रीतींत निगेची काही ना काही कृती आहे. पण त्या आठवून हळवं होताना हेही विसरू नये की याच समाजात बैलाच्या नाकातून वेसण ओवली जाते, पराणीची टोच असते, आणि गुराख्याच्या पोराला पिढ्यान्‌पिढ्या पाटी मिळाली नाही. मुलांना वारसा द्यायचा तर नीट निवडून द्यावा.

मुलांसमोर शेवटी अवघड प्रश्न येतातच, आणि बालवाडीच्या ताई त्यांनाच सगळ्यांत जास्त घाबरतात. मागच्या वेळी पाहिलेला काळा बोकड कुठे गेला? आजींनी सांगितलं, विकला, बाजारात. पुढे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी त्याचंही उत्तर दिलं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. वस्तीवरच्या शेळ्या धाराशिवकडच्या काळ्या उस्मानाबादी जातीच्या, त्यांना अनेकदा जुळी होतात. पाटी, म्हणजे मादी करडं, ठेवल्या जातात, बोकड विकले जातात, त्यावर नातीची फी भरली जाते. मला वाटतं, मुलाने जितकं विचारलं तितकंच आणि खरं सांगावं. बोकड मामाच्या गावाला गेला अशी थाप मारू नये. चार वर्षांचं मूल थाप पकडत नाही, पण आठव्या वर्षी त्याला आपल्याला फसवलं होतं हे कळतं आणि मग निगेच्या गोष्टीही खोट्या वाटू लागतात.

वासराचं दूध आपण का घेतो, हाही असाच एक प्रश्न. काकूंनी धार काढताना एक सड वासरासाठी सोडला होता. तो दाखवून त्या म्हणाल्या की हा त्याचा. व्याल्यावर पहिल्या काही तासांत त्याला चीक पोटभर मिळतो, तो मिळाला नाही तर वासरू आजाराशी लढू शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं. उत्तर पूर्ण होतं का? नाही. शहरातल्या पिशवीमागच्या सगळ्याच गोठ्यांत वासराला सड सुटत नाही. पण प्रश्न विचारलेल्या मुलाला त्या सडाशी वासरू झोंबताना पाहायला मिळालं, आणि त्याचा प्रश्न त्याच्यापाशी शिल्लक राहिला. मोठेपणी तो त्याचं काय करायचं ते ठरवील.

आता आरोग्याचं. इथे मी कुठलीही सवलत देणार नाही. इंग्लंडच्या सरे परगण्यात गॉडस्टोन फार्म नावाच्या लोकप्रिय शेतावर २००९ साली ई-कोलाय ओ१५७ या जंतूची लागण झाली. ९३ जण आजारी पडले आणि त्यांत बहुसंख्य दहा वर्षांखालची मुलं होती. काहींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. हा जंतू निरोगी दिसणाऱ्या गायी-मेंढ्यांच्या आतड्यात असू शकतो, जनावराला त्याचा काही त्रास नसतो. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका अधिक, आणि तोंडात बोटं घालण्याचं वयही तेच. म्हणून जनावरांपासून निघताना वाहत्या पाण्याने आणि साबणाने हात धुणं, मोठ्या माणसाने प्रत्येक मुलापाशी उभं राहून. सॅनिटायझरच्या थेंबाने शेण निघत नाही. खाणंपिणं गोठ्यापासून लांब आणि हात धुतल्यावरच. आणि धारोष्ण दुधाचा पेला मुलांना देण्याची हौस पूर्ण सोडून द्यावी. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, दूध उकळूनच.

उलट्या बाजूने धोका जनावरांनाही असतो, त्याचा विचार कमी होतो. लाळ्या-खुरकुताचे विषाणू बुटांच्या तळव्यांना चिकटून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने राज्यातल्या गोठ्यांवर संकट आणलं, जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. माणसाला तो होत नाही, पण तेव्हा गोठ्यात बाहेरची वर्दळ नको हे प्रत्येक पशुपालकाला कळत होतं. कोंबड्यांच्या बाबतीत तर २००६ला नवापूरने आणि २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याने बर्ड फ्लू काय असतो ते दाखवलं आहे. वस्तीच्या फाटकाशी चुन्याचा पट्टा असावा, एका दिवशी दोन शेतं करू नयेत, आजारी किंवा नुकतंच व्यालेलं जनावर पाहुण्यांच्या नजरेआड असावं. राज्यघटनेच्या ५१-क अनुच्छेदात १९७६ सालापासून सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. बालवाडीच्या वयात ते कर्तव्य बूट पुसण्यापासून सुरू होऊ शकतं.

मूळ अडचण वेळेची आहे. एका दिवसात ओळख होते, निगा होत नाही. इंग्लंडमधल्या मायकेल मॉर्पर्गो यांनी, जे पुढे मुलांचे मोठे लेखक म्हणून गाजले, पत्नी क्लेअर यांच्यासोबत १९७६ साली डेव्हन परगण्यात नेदरकॉट हाउस या शेतावर शहरी मुलांसाठी एक संस्था सुरू केली. मुलं शाळेच्या शिक्षकांसह पूर्ण आठवडा राहतात आणि शेतकऱ्याबरोबर खरी कामं करतात, सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो की चिखल. मॉर्पर्गो यांनी अनेकदा सांगितलेली एक हकिकत आहे. बर्मिंगहॅमहून आलेला, तोतरेपणामुळे बोलणं टाकलेला एक मुलगा रात्री तबेल्याच्या दारात घोडीशी सलग बोलताना त्यांना दिसला, आणि घोडी ऐकत उभी होती. १९८२च्या त्यांच्या ‘वॉर हॉर्स’ या कादंबरीला त्या रात्रीने बळ दिलं. पण तो मुलगा त्या घोडीशी बोलू शकला याला कारण होतं: तो तिथे पाहुणा नव्हता, कामाला होता.

आपल्याकडे तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवडाभर वस्तीवर ठेवता येणार नाही, ठेवूही नये. पण एका शाळेने तीन वेगळी शेतं पाहण्याऐवजी एकच शेत वर्षातून तीनदा पाहिलं तर चित्र पालटतं. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, शेळी साधारण १५० दिवसांनी विते, गाय नऊ महिन्यांवर काही दिवसांनी, म्हैस दहा महिन्यांवर. शाळेच्या वर्षात हे मावतं. श्रावणात पाहिलेली गाभण शेळी पौषात दोन करडांची आई असते. मूलही तेवढ्यात इंचभर वाढलेलं असतं. जी बस ऑगस्टमध्ये आली तीच पुन्हा आली की शेळीला मुलं ओळखीची वाटोत न वाटोत, मुलांना मात्र ती ओळखीची वाटते, आणि तिची विचारपूस करायची सवय जडते.

खेड्यातल्या अंगणवाडीला तर बसही नको. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि २०१९च्या पशुगणनेत शेळ्या एक कोटीहून अधिक मोजल्या गेल्या. अंगणवाडीच्या भिंतीपलीकडे दावण असते. तरी आतल्या भिंतीवर मात्र जिराफ, पांडा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची परदेशी गाय रंगवलेली असते. शेजारच्या मावशींच्या शेळीला महिन्यातून एकदा पाणी पाजायला मुलं नेली, तिची पाटी वाढताना पाहिली, खरारा करताना गोचीड कशी शोधतात ते बघितलं, तर त्याला पैसा लागत नाही. लागते ती सेविकाताईंची इच्छा आणि वरच्या साहेबांनी त्याला वेळेचा अपव्यय न म्हणणं. ज्या घरात ती शेळी आहे त्या घरातलं मूल त्या दिवशी वर्गात पुढे उभं असेल.

पुरंदरच्या त्या वस्तीवर शाळेची यंदाची पहिली भेट पावसाळ्यात झाली. आजींनी मुलांना काळी शेळी दाखवली, आषाढात फळलेली. मुलांनी तिच्यासाठी डब्यांनी पाणी आणलं. दुसऱ्या भेटीची तारीख शाळेने वार्षिक नियोजनात लिहिलेली नाही; डिसेंबरपुढे जागा मोकळी ठेवली आहे. बसवाल्याला आणि पालकांना आठवडाभर आधी कळवायचं, असं मुख्याध्यापिकांनी ठरवलं आहे, आणि त्यावरून काही पालकांची कुरकुरही झाली. शेळी व्याल्यावर वस्तीवरून फोन येईल. त्यानंतरही पहिले दहा दिवस कुणी यायचं नाही, हे आजींनी आत्ताच सांगून ठेवलं आहे.